दिवाळं निघाल्यानंतरचं घर

शिवानंद कलशेट्टी यांच्या घरात सिनेमाचं शूटिंग होणार, ही बातमी गावात खुद्द शिवानंदरावांनीच पसरवली. पुढं पस्तावायची वेळ आली तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना, ही त्यातली खरी अडचण.

गाव म्हणजे अणदूरपासून हाकेच्या अंतरावरचं बाभळसांगवी. शिवानंदराव तिथून रोज मोटारसायकलवर कॉलेजात जात. शिकवायला नव्हे, ऑफिसात ते वरिष्ठ लिपिक होते. पण गावात कुणी 'सर' म्हणून हाक मारली तर ते ती दुरुस्त करत बसत नसत. माणसाच्या तोंडून चांगलं निघत असताना मध्ये बोलू नये, असं त्यांचं मत होतं.

त्यांची मुलगी आरोही अकरावीत होती. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "पप्पा, आम्ही पिच्चर काढतोय. युवा महोत्सवासाठी. आपल्या घरात शूटिंग केलं तर चालंल का?"

"कशावर आहे?"

"कॉमेडी हाय. दोन बहिणी असतात, लई श्रीमंत..."

'लई श्रीमंत' हे शब्द कानावर पडले आणि शिवानंदरावांनी पुढचं ऐकणं बंद केलं. आरोही बराच वेळ सांगत होती. बापाचा धंदा बुडतो, गाड्या जातात, नोकर जातात, कधी कप न विसळलेल्या पोरी गावाकडं येतात आणि पिठाच्या गिरणीत कार्ड घेता का म्हणून विचारतात. महानंदाबाई भाकरी थापता थापता हसत होत्या. शिवानंदराव मात्र मान वर करून हॉलच्या छतावरची पीओपीची नक्षी बघत होते. ती करून घेतली तेव्हा याच बायकोनं "वर कोण बघतंय?" असं विचारलं होतं. आता सगळा जिल्हा बघणार होता.

या घराविषयी थोडं सांगायला हवं. वाटणीला आलेलं रान विकून शिवानंदरावांनी ते बांधलं होतं. स्लॅबचं घर, ग्रॅनाइटचा ओटा, जिन्याखाली देवघर आणि हमरस्त्यावरून दिसेल असं फाटक. एकच उणं होतं. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल होती. ती झाकायला त्यांनी कॅलेंडर लावलं होतं. ओल वाढेल तसं दर वर्षी ते थोरल्या आकाराचं कॅलेंडर शोधून आणत. यंदा त्यांनी एका खतवाल्याकडून इतकं मोठं कॅलेंडर मिळवलं होतं की तारीख रस्त्यावरून वाचता येई.

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात शिवानंदराव सहज म्हणाले, "काय न्हाय, जरा गडबडीत आहे. घरात शूटिंग आहे."

हॉटेलातली सगळी डोकी वळली. त्यात महालिंगप्पा होते. महालिंगप्पा निवृत्त तलाठी. नोकरी संपल्यापासून ते गावाला फुकट सल्ला देत आणि तो मानला नाही तर मनापासून दुखावले जात.

"तुमच्याच घरात का?" त्यांनी विचारलं.

"श्रीमंतांची गोष्ट आहे," शिवानंदराव नम्रपणे म्हणाले. "बंगला पाहिजे होता त्यांना."

हे वाक्य त्यांनी उच्चारायला नको होतं. पण उच्चारताना ते फार गोड लागलं, त्यामुळं त्यांनी ते संध्याकाळपर्यंत आणखी बऱ्याच ठिकाणी उच्चारलं. शूटिंग बघायला या, असं आग्रहाचं आमंत्रणही दिलं.

रविवारी झरीन घर बघायला आली. मुनवरभाईंची ही मुलगी आरोहीच्या वर्गातली. मुनवरभाईंचं चौकात रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान होतं. सिनेमाची दिग्दर्शक हीच, लेखक हीच आणि कॅमेरा म्हणजे हिचा मोबाइल. शिवानंदरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सोफ्यावर नवं कव्हर टाकलं होतं. झरीननं हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, डोळ्यांपुढं बोटांची चौकट धरून एक डोळा मिटला आणि म्हणाली, "काका, एकदम परफेक्ट! असंच घर पायजे होतं मला."

"छतही बघून घे," शिवानंदराव म्हणाले.

"छत न्हाय येणार फ्रेममधी. ते कॅलेंडर तेवढं काढता का?"

"का बरं?"

झरीननं स्वतःच ते उचललं आणि खालची ओल बघून तिचा चेहरा उजळला. "या अल्ला! आरोही, ही बघ! काका, ही ओल अशीच ठेवा हां. हात लावू नका. आणि सोफ्याचं हे कव्हर नको, खालचं जुनंच बरं हाय."

शिवानंदरावांना काही कळेना. "अगं, पण श्रीमंत बहिणी ना?"

"व्हय की. पण बंगला आपण उत्तरेश्वरअण्णांचा घेतलाय," झरीन निरागसपणे म्हणाली. "हे दिवाळं निघाल्यानंतरचं घर."

शिवानंदरावांनी आरोहीकडं पाहिलं. आरोहीनं खाली पाहिलं. आतून महानंदाबाईंचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांना कळत होतं.

झरीन गेल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. "आपलं घर गरिबाचं दिसतं?"

"गरिबाचं कोण म्हणालं? दिवाळं निघालेल्याचं म्हणाली," महानंदाबाई म्हणाल्या. "आणि खोटं काय त्यात? रान विकून ग्रॅनाइट बसवलंय आपण."

आता खरा शहाणा माणूस काय करील? हॉटेलात जाऊन सांगून टाकील की बाबांनो, ऐकण्यात चूक झाली. लोक दोन दिवस हसतील आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी हसायला लागतील. शिवानंदरावांनी हाही विचार केला. मग त्यांनी ठरवलं की हॉटेलातलं वाक्य बदलण्यापेक्षा घर बदलणं सोपं आहे. घराचा असा काही कायापालट करायचा की त्या पोरीला इथं दिवाळं दाखवायची छातीच होऊ नये.

ते मुनवरभाईंच्या दुकानात गेले.

"शूटिंगसाठी रंग?" मुनवरभाई खूश झाले. आपल्या मुलीनं गोष्टीत काय लिहिलंय याचा त्यांना पत्ता नव्हता. "मोतिया घ्या साहेब. कॅमेऱ्यात मोतिया लई खुलतो. लेकिन ओल असंल तर पहिलं तिचा बंदोबस्त करा. न्हाय तर माझा रंग बदनाम व्हईल."

ओल कुठून येते यावर गावात तीन पक्ष निघाले. बाथरूमचा पाइप आतून फुटलाय, असं मुनवरभाईंचं म्हणणं. स्लॅबचं पाणी भिंतीत उतरतंय, असं गुरुलिंग मिस्त्रीचं. महालिंगप्पा हातात काठी घेऊन आले, भिंतीवर ठोकून कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "खालून येतंय. इथं पूर्वी ओढ्याचा फाटा होता. नकाशात हाय. म्या स्वतः मोजलाय."

शिवानंदरावांचा स्वभाव भिडस्त. एकाचं ऐकलं तर दोघांना वाईट वाटणार. म्हणून त्यांनी तिघांचंही ऐकलं. गुरुलिंगनं बाथरूमची भिंत फोडली, वरती स्लॅबचा कोपरा उकरला आणि हॉलच्या फरशीला खड्डा घेतला. पाइप कोरडा निघाला. स्लॅब ठणठणीत निघाला. खड्ड्यात ओढा तर नव्हताच. मात्र उकरताना पहार लागून खालची नळाची लाइन फुटली आणि हॉलमध्ये, महालिंगप्पांच्या शब्दाला जागून, ओढा आला.

"म्या म्हणलं नव्हतं?" महालिंगप्पा समाधानानं म्हणाले.

ओल होती तिथंच राहिली. पाण्यानं तिला उलट बळ आलं आणि दोनच दिवसांत ती खिडकीपर्यंत पोचली. गिलाव्यानं पोपडे धरले. पीओपीचा एक कोपरा खाली येऊन सोफ्यावर बसला. या सगळ्याच्या मधोमध गुरुलिंगनं हातपाय धुतले आणि म्हणाला, "आता येळवसचा सण झाल्यावर येतो, मालक."

"अरे, परवा शूटिंग आहे!"

"असू द्या की. शूटिंगला सिमेंट लागत न्हाय." आणि थापी पाटीत टाकून तो गेला.

शूटिंगच्या दिवशी झरीन दारात आली, आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबली. तिनं खड्डा बघितला, पोपडे बघितले, मोतिया रंगाचा एकुलता एक पट्टा बघितला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "काका, इतकं गरीब नको होतं."

शिवानंदरावांच्या जखमी स्वाभिमानाला यापेक्षा खोल घाव घालणारं वाक्य मराठीत नसावं. शेवटी लेखिकाच ती.

पण दुसरं घर शोधायला वेळ नव्हता. शिवाय अंगणात गाव जमलं होतं. आमंत्रण कुणी दिलं होतं ते सांगायला नको. धाकट्या बहिणीचं काम वर्गातल्याच निकिताकडं होतं, थोरलीचं आरोहीकडं. दोघी एक भलीमोठी बॅग ओढत दारातून आत आल्या. निकितानं गॉगल कपाळावर चढवला, चौफेर नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ताई, इथं माणसं राहतात?"

अंगणातल्या सगळ्या माणसांनी शिवानंदरावांकडं पाहिलं.  शिवानंदराव लांब कुठंतरी, अणदूरच्या दिशेनं, बघत राहिले. तेवढ्यात मागून महालिंगप्पांनी अगदी सरळ मनानं विचारलं, "मग बंगला कवा येतोय?"

सगळं अंगण फिस्सकन हसलं. झरीनला तो शॉट परत घ्यावा लागला, कारण हसणं आत रेकॉर्ड झालं होतं. 'इथं माणसं राहतात?' हे वाक्य निकितानं दुपारपर्यंत इतक्या वेळा म्हटलं की शेवटी शिवानंदरावांनाच खात्री वाटेना.

आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती. इज्जत गेलीच होती, तर निदान सिनेमा तरी व्हावा, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी स्वतःला व्यवस्थापक नेमलं. शेवटचा प्रसंग शिवारातला होता. उपाशी बहिणी शेताशेतांवरून चालत जातात, लोक जेवत असतात, पण कुणीही त्यांना 'या' म्हणत नाही. दोघींना कळतं की पैसा गेला की माणसं ओळख देत नाहीत. मग त्या ओढ्याच्या काठी बसून रडतात आणि रडता रडता हसायला लागतात. झरीनला सगळ्यात जीव याच प्रसंगावर होता. "हा जमला तर पिच्चर जमला, काका. न्हाय तर नुसत्या उड्या हायत," ती म्हणाली.

परवानगीसाठी शिवानंदराव पंचायतीत गेले. ग्रामसेवकानं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "उपाशी माणूस? आमच्या गावात? मला वर उत्तर द्यावं लागंल, साहेब. रेशनचं दुकान व्यवस्थित चालू हाय आमचं."

"तसं नाही. गोष्ट आहे ही. त्या मुली पुण्याच्या दाखवल्यात."

"पुण्याच्या व्हय? मग हरकत न्हाय," ग्रामसेवक म्हणाला आणि त्यानं पुन्हा पेन उचललं.

दिवसाची निवड शिवानंदरावांची. त्यांनी फार डोकं लावून येळवसचा दिवस काढला. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी, गावाच्या गल्ल्या ओस, बघ्यांची गर्दी नाही आणि शेतात जेवणारी माणसं हवीत तर ती आयती हजर. आपल्या हुशारीचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. या एका दिवशी आपण दर वर्षी घरातच बसून असतो, त्यामुळं त्या दिवसाचं आपल्याला काही ठाऊक नाही, एवढी बाब त्यांच्या लक्षात आली नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. या भागात त्या दिवशी गावात फक्त कुत्री आणि कुलपं राहतात. बाकी सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी आणि ताकातली आंबील पोट तडीला लागेपर्यंत खायचं. आणि बांधावरून जाणारा माणूस, मग तो ओळखीचा असो, वैरी असो की खांबावरून उतरलेला वायरमन, त्याला न जेवता पुढं जाऊ द्यायचं नाही. ज्याचं रान नाही त्याला दुसऱ्यांची दहा बोलावणी असतात. शिवानंदरावांनाही असत. पण रान विकल्यापासून त्यांनी एकही घेतलं नव्हतं. स्वतःच्या बांधावर उभं राहून लोकांना 'या' म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या कोपीत पंगतीला बसेना. दर येळवसला त्यांना ॲसिडिटी होई. महानंदाबाई त्या दिवशी घरीच मुकाट्यानं थोडी भज्जी करत आणि आरोही मैत्रिणींच्या शेतात जाई.

पहिला शॉट नागप्पाच्या शेतावर लागला. आरोही आणि निकिता मान खाली घालून बांधावरून निघाल्या. झरीन मोबाइल धरून मागं मागं सरकत होती. दहा पावलं झाली नाहीत तोच कोपीतून नागप्पाची बायको ओरडली, "अगं ए पोरींनो! कुठं निघालाव तशाच? या, जेवून जावा!"

"कट," झरीन म्हणाली.

शिवानंदरावांनी जाऊन समजावलं. नागप्पाच्या बायकोनं मान डोलावली. दुसऱ्या वेळी ती काही बोलली नाही. तिनं नुसती भाकरीवर भज्जी घेतली आणि धावत जाऊन निकिताच्या हातावर ठेवली.

"अहो, त्या उपाशी आहेत, वहिनी!"

"म्हणूनच की!"

दुसऱ्या शेतात तेच. तिसऱ्या शेतातल्या म्हाताऱ्यानं तर कॅमेऱ्यापुढं आडवी काठी धरून वाटच अडवली. शेवटी झरीन रडकुंडीला आली आणि शिवानंदरावांनी आपलं कर्तव्य ओळखलं. ते पोरींच्या पुढं पुढं पळू लागले. प्रत्येक कोपीपुढं उभं राहून, हात जोडून सांगू लागले, "मागून दोन पोरी येतायत. कृपा करून त्यांना जेवायला बोलावू नका."

येळवसच्या दिवशी या जिल्ह्यात असं वाक्य आजवर कुणी बोललं नसेल. लोक आ वासून बघत. कुणाला वाटलं पोरींनी काही गुन्हा केलाय. कुणी विचारलं, "उपास हाय का त्यांचा?" एकानं तर शिवानंदरावांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. आणि पोरींना बोलवायचं नाही हे कबूल करण्याच्या बदल्यात प्रत्येकानं एकच अट घातली, "बरं, त्यास्नी न्हाय बोलवत. पण तुम्ही आलाव न्हवं? तुम्ही बसा."

"नको, मला ॲसिडिटी..."

"आंबील प्या, उतरंल."

एका शेतात बसले. दुसऱ्यात बसले. न बसावं तर लोक शब्द मागं घेत होते. तिसऱ्या कोपीत त्यांना आठवलं की बाजरीच्या उंड्याची चव ते विसरलेच होते. चौथ्यात त्यांनी आंबील मागून घेतली. पाचव्यात त्यांना उठवायला दोघं लागले. पोरींचीही तीच गत झाली होती. लोकांच्या हातून सुटायला त्यांना घास घ्यावाच लागे. भुकेनं व्याकूळ झालेल्या बहिणी आता ढेकर देत चालत होत्या आणि निकिता तर दोन शॉटच्या मध्ये कडब्याच्या गंजीला टेकून घोरू लागली होती. कॅमेऱ्यापुढं भूक दिसावी म्हणून शिवानंदरावांनी व्यवस्थापक या नात्यानं तिला दोनदा बांधावरून पळवून आणलं. त्यानं ती फक्त तहानलेली दिसू लागली.

उन्हं कलली. शेवटचं शेत उत्तरेश्वरअण्णांचं होतं. ज्यांचा खराखुरा बंगला, ते हेच. शिवानंदराव तिथं पोचले तेव्हा त्यांच्याच्यानं बोलवत नव्हतं. कोपीपुढं अण्णांची आई कस्तुराबाई बसली होती. शिवानंदरावांनी सगळी गोष्ट शेवटची म्हणून एकदा सांगितली. पिच्चर आहे, खोटं आहे, पोरी जेवल्यात, चार वेळा जेवल्यात. फक्त एवढंच करा, त्या समोरून जाताना मान वळवून बसा.

"मान वळवून?" म्हातारीनं विचारलं.

"एवढं एकच, आजी. पोरींचा पिच्चर अडलाय."

"पोरींसाठी व्हय? बरं. वळविते."

शॉट सुरू झाला. सगळी कोप शिकवल्यासारखी पाठमोरी बसली. उत्तरेश्वरअण्णा ताटात बघत होते. आरोही आणि निकिता पाय ओढत आल्या. कुणी हाक मारली नाही. दोघी कोपीसमोरून गेल्या, पुढं गेल्या. झरीन मोबाइल न हलवता मागं सरकत होती. आणि तेवढ्यात कस्तुराबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत उठली, भाकरी घेतली आणि थरथरत्या पावलांनी पोरींच्या मागं जाऊ लागली.

"मला न्हाय जमायचं!" ती ओरडली. तिच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी वाहत होतं. "मरू द्या तुमचा पिच्चर! येळवसला माझ्या बांधावरनं लेकरं अशी जातील व्हय?"

आरोहीनं मागं वळून पाहिलं आणि ती रडायला लागली. ते लिहिलेलं नव्हतं. निकिता तिला बघून रडली, मग म्हातारीचा आवेश बघून हसली, मग दोघी हसत, रडत त्या भाकरीचे तुकडे तोडून खाऊ लागल्या. झरीननं 'कट' म्हटलंच नाही.

शिवानंदराव बाजूला उभे होते. कस्तुराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्याकडं मोर्चा वळवला. "आणि तू रं? तू बी दर साली घरात दडून बसतोस म्हणं. रान इकलं म्हणून काय आमी मेलो का? बस खाली."

शिवानंदरावांच्या पोटात कणभर जागा नव्हती. ते मुकाट्यानं खाली बसले आणि जेवले.

युवा महोत्सवात, धाराशिवच्या सभागृहात, सिनेमा दाखवला तेव्हा गावातून जीप भरून माणसं गेली होती. उत्तरेश्वरअण्णांचा बंगला आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शिवानंदरावांचं घर आलं. 'ताई, इथं माणसं राहतात?' यावर सभागृह इतकं हसलं की पुढची दोन वाक्यं बुडाली. शिवानंदराव खुर्चीत खाली खाली सरकत गेले. पण शेवटी कस्तुराबाई उठली तेव्हा ते हसणारेच डोळे पुसू लागले. शेजारच्या खुर्चीत महालिंगप्पा रुमाल शोधत होते. शिवानंदरावांनी त्यांना आपला दिला आणि मग स्वतःला लागला तेव्हा बाहीवर भागवलं.

सिनेमाला दुसरं बक्षीस मिळालं. झरीन, आरोही आणि निकिता व्यासपीठावर नाचल्या. शिवानंदरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण तो जरा लवकर सोडला होता. परीक्षक पुन्हा माइकपाशी आले. "उत्कृष्ट नेपथ्य," ते म्हणाले. "उद्ध्वस्त घराचा इतका बारकाईनं उभा केलेला देखावा आम्ही या स्पर्धेत पाहिला नव्हता. ते पोपडे, तो खड्डा, छताचा तो लोंबता तुकडा! कोणी केलं हे?"

"माझ्या पप्पांनी!" आरोही माइकमध्ये ओरडली.

टाळ्यांच्या कडकडाटात शिवानंदराव वर गेले. घराच्या दारिद्र्याचं प्रशस्तिपत्र त्यांनी दोन्ही हातांनी स्वीकारलं. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. बंगल्याचे मालक म्हणून करायचं एक भाषण त्यांनी पूर्वी मनात पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं फक्त पहिलं वाक्य कामाला आलं. "यात माझं एकट्याचं श्रेय नाही," ते म्हणाले. "महालिंगप्पांनीही मोलाचा सल्ला दिला." महालिंगप्पा उठून उभे राहिले आणि त्यांनी चारी दिशांना नमस्कार केला.

परतताना जीपमध्ये सगळे पेंगत होते. शिवानंदरावांनी आरोहीला हळूच विचारलं, "आपलंच घर का सुचवलंस गं? खरं सांग. तुला ते तसंच वाटतं?"

"तसं म्हणजे?"

"दिवाळं निघालेल्याचं."

आरोहीला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर ती म्हणाली, "तसं न्हाय, पप्पा. त्यांचं सगळं गेलं ना? मग सगळं गेल्यावर माणूस कुठं जातं? मला आपलंच घर आठवलं."

 शिवानंदरावांनी मांडीवरचं प्रशस्तिपत्र शर्टाच्या टोकानं पुसलं आणि पुन्हा नीट धरलं.

घरी आल्यावर प्रशस्तिपत्राला चौकट करून आणली. कुठं लावायची यावर फार चर्चा झाली नाही. "ओलीवर लावा," महानंदाबाई म्हणाल्या, "कॅलेंडरपेक्षा बरी दिसंल." झरीन आली होती, मुनवरभाई रंगाचं विचारायला आले होते, महालिंगप्पा खिळा कुठं मारावा ते काठीनं दाखवत होते. काठीच्या टोकाशीच शिवानंदरावांनी खिळा धरला आणि हातोडी मारली.

थप्प करून भिंतीचा सगळा गिलावा खाली आला. वीट न वीट उघडी पडली. धुरळा बसला तेव्हा शिवानंदराव एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात प्रशस्तिपत्र घेऊन, केसांपासून पायांपर्यंत पांढरे होऊन उभे होते. हसावं की नाही हे कुणालाच कळेना. महालिंगप्पांनी काठी हळूच पाठीमागं लपवली.

शिवानंदरावांनी भिंतीकडं बघितलं. मग डोळ्यांवर नसलेला गॉगल कपाळावर चढवला, चौफेर नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ताई, इथं माणसं राहतात?"

"व्हय," आरोही म्हणाली. "आम्ही राहतो."

मग सगळ्यात आधी शिवानंदरावच हसायला लागले.